वंशाचे कौतुक, कामाचे सोयरसुतक नाही

१८ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीच्या विमानतळावर सना इर्शाद मट्टू या काश्मिरी छायाचित्रकार न्यूयॉर्कला निघाल्या होत्या. पासपोर्ट होता, अमेरिकेचा व्हिसा होता, तिकीट होते. रॉयटर्सच्या ज्या चौघांना त्या वर्षीचा पुलित्झर पुरस्कार जाहीर झाला होता त्यांपैकी त्या एक, आणि तो पुरस्कार स्वीकारायलाच त्या चालल्या होत्या. इमिग्रेशनच्या खिडकीवर त्यांना थांबवण्यात आले. कारण सांगितले गेले नाही. तिकिटावर लाल शाईचा शिक्का पडला. 'हक्काला बाध न आणता रद्द' असा काहीसा त्यातल्या इंग्रजी शब्दांचा अर्थ. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या एका प्रदर्शनासाठी पॅरिसला निघाल्या होत्या, तेव्हाही हेच झाले होते.

आता त्याआधीच्या वर्षाकडे जाऊ. ११ जून २०२१ रोजी पुलित्झर पुरस्कार जाहीर झाले. विजेत्यांत मेघा राजगोपालन आणि नील बेदी ही दोन नावे होती. दोघेही अमेरिकी पत्रकार. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी, इंग्रजी काय नि मराठी काय, एकाच सुरात मथळे दिले : भारतीय वंशाच्या दोघांना पुलित्झर. मेघाच्या वडिलांनी तिला पाठवलेला अभिनंदनाचा साधा संदेशसुद्धा आपण चवीने वाचला.

एकीकडे परदेशी नागरिक असलेल्या दोघांच्या आडनावांवरून झालेला आनंद आणि दुसरीकडे आपल्याच नागरिकाच्या तिकिटावर उमटलेला शिक्का. मधे सोळा महिन्यांचे अंतर. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. माझ्या मते त्या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत, आणि ती सवय फक्त सरकारची नाही. ती आपलीही आहे; म्हणजे वाचणाऱ्यांची, लिहिणाऱ्यांची आणि पुरस्कारांच्या बातम्या छापणाऱ्यांची. पुरस्कार मिळाला की आपण माणसाचा वंश विचारतो. त्याने काय काम केले हे विचारत नाही.

एखाद्या प्रदेशाचे एखाद्या मोठ्या पुरस्काराशी नाते तीन तऱ्हांनी जुळते. त्या प्रदेशाशी जन्माने किंवा वंशाने बांधलेल्या माणसाला पुरस्कार मिळतो, ही पहिली तऱ्हा. त्या प्रदेशाविषयी केलेल्या कामाला मिळतो, ही दुसरी. त्या प्रदेशात राहून, तिथली जोखीम पत्करून केलेल्या कामाला मिळतो, ही तिसरी. भारताचे पुलित्झरशी नाते या तिन्ही तऱ्हांचे आहे. पण आपण गाजावाजा करतो तो पहिल्याचा, विसरतो दुसरे, आणि तिसऱ्याशी भांडतो किंवा त्याला विमानतळावर अडवतो.

पहिल्या तऱ्हेची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. झुंपा लाहिरी, २०००. सिद्धार्थ मुखर्जी, २०११. विजय शेषाद्री, २०१४. यांतल्या लाहिरी लंडनमध्ये जन्मल्या आणि अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये वाढल्या. शेषाद्री जन्मले बंगळुरूत, पण अगदी लहान असतानाच अमेरिकेला गेले. मुखर्जी दिल्लीचे, त्यांचे कर्करोगावरचे पुस्तक अमेरिकेतल्या रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत घडले. मुंबईत वाढलेल्या गीता आनंद २००३ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या विजेत्या चमूत होत्या. त्या चमूचा विषय होता अमेरिकी कंपन्यांचे घोटाळे. या सगळ्यांचे काम थोर आहे आणि त्याबद्दल कोणाच्या मनात किंतु असू नये. यांच्यापैकी कोणी आपल्याला 'मला तुमचा म्हणा' असे सांगायला आलेले नाही. लाहिरी तर पुढे इटालियनमध्ये लिहू लागल्या. एखाद्या लेखिकेने आपली भाषा स्वतः निवडण्याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण; पण आपल्या बातम्यांत त्या अजून भारतीय वंशाच्याच आहेत. तक्रार त्यांच्याविषयी नाही. तक्रार आपल्या हिशेबाविषयी आहे.

कारण या हिशेबात कामाचा रकानाच नसतो. २०२१ च्या त्या दोन नावांचेच पाहा. मेघा राजगोपालन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी उपग्रहावरून घेतलेली छायाचित्रे तपासून चीनच्या शिनजियांग प्रांतात उभ्या राहिलेल्या बंदिवासाच्या इमारती शोधून काढल्या. चीनने त्यांना आधीच देश सोडायला लावला होता. मग ज्या जागी पाऊल ठेवता येत नाही त्या जागेचा माग त्यांनी आकाशातून काढला आणि तिथून सुटून गेलेल्या माणसांशी बोलून तो पक्का केला. नील बेदी यांनी आपल्या सहकारी कॅथलीन मॅकग्रोरी यांच्यासोबत फ्लोरिडातल्या एका शेरीफच्या कारभाराचा छडा लावला. पुढे कोण गुन्हा करील याचा अंदाज बांधून त्या खात्याने याद्या केल्या होत्या. यादीतल्या माणसांच्या दारात शिपाई पुन्हा पुन्हा उभे राहत. शाळकरी मुलांचे गुण आणि हजेरीची माहितीही त्या खात्याकडे पोचत होती.

मथळ्यापाशी न थांबता बातमी वाचली असती तर पुढचे प्रश्न आपोआप पडले असते. आपल्याकडे पोलीस कोणाच्या याद्या करतात? त्या कशावरून करतात? संपर्क तोडलेल्या प्रदेशात काय चालले आहे हे आपल्या पत्रकारांनी कसे शोधावे? त्या दोघांच्या कामातून आपल्याला घेण्याजोगे काही असेल तर ते हे होते. आपण आडनावे घेतली आणि प्रश्न तिथेच ठेवले.

दुसरी तऱ्हा आपण इतकी विसरलो आहोत की ती आठवण करून द्यावी लागते. 'बाल्टिमोर सन' या वृत्तपत्राचे प्राइस डे यांना १९४९ साली आंतरराष्ट्रीय वार्तांकनाचे पुलित्झर मिळाले. विषय होता स्वतंत्र भारताचे पहिले वर्ष. बारा लेखांची मालिका. फाळणी, निर्वासितांचे लोंढे, संस्थानांचे विलीनीकरण, गांधीहत्या हे सगळे ज्या वर्षात झाले त्या वर्षाकडे बाहेरच्या वार्ताहराने कसे पाहिले, हे आपल्या इतिहासाशी थेट जोडलेले. पण 'भारत आणि पुलित्झर' अशा आपल्याकडे फिरणाऱ्या याद्यांत प्राइस डे सापडत नाहीत. वंश नाही, म्हणून नाते नाही. लाहिरींचा एखादा दूरचा नातेवाईक आपल्याला त्यांच्यापेक्षा जवळचा वाटेल.

तिसऱ्या तऱ्हेपाशी आलो की सूरच पालटतो. २०२० साली असोसिएटेड प्रेसच्या दार यासिन, मुख्तार खान आणि चन्नी आनंद या तिघांना छायाचित्रणाचे पुलित्झर मिळाले. दोघे श्रीनगरचे, एक जम्मूचे. तिघेही भारतीय नागरिक, तिघेही इथेच राहणारे. ५ ऑगस्ट २०१९ नंतर काश्मीरमध्ये संचारबंदी होती, फोन आणि इंटरनेट बंद होते. त्या दिवसांत त्यांनी भाजीच्या पिशवीत कॅमेरे लपवून, अनोळखी घरांत आडोसा घेऊन छायाचित्रे काढली. ती पाठवायला इंटरनेट नव्हते. मग विमानतळावर जाऊन दिल्लीला निघालेल्या प्रवाशांना गाठायचे आणि 'एवढे आमच्या कचेरीत पोचवा' अशी विनवणी करायची. ज्यांनी ते पोचवले त्या अनोळखी प्रवाशांची नावे कुठे नाहीत. पण त्या पुरस्कारात त्यांचाही वाटा आहे.

या तिघांना 'भारतीयांचा अभिमान' असा मथळा सगळीकडे मिळाला का? काहींनी अभिनंदन केले. काहींनी अभिनंदन करणाऱ्यांनाच देशद्रोही ठरवले. मुख्य आक्षेप होता तो निवड समितीच्या गौरवपत्रावर. भारताने काश्मीरचे 'स्वातंत्र्य' काढून घेतले, असा शब्दप्रयोग त्यात होता. तो शब्द चुकीचा होता, हे सरळ मान्य करावे. कलम ३७० ने काश्मीरला जे होते ते घटनेतले विशेष स्थान होते. त्याला स्वतंत्र देशाचे स्वातंत्र्य म्हणता येत नाही. कोलंबिया विद्यापीठात बसून लिहिणाऱ्यांनी घटनेचे ते पान उघडून पाहायला हवे होते. पण गौरवपत्र त्या तिघांनी लिहिलेले नव्हते. त्यांनी काढली होती छायाचित्रे. छायाचित्र खोटे आहे असे म्हणायचे असेल तर ते छायाचित्र समोर ठेवून म्हणावे, खोटे काय ते दाखवावे. गौरवपत्रातला एक शब्द पकडून भाजीच्या पिशवीतला कॅमेरा खोटा पाडता येत नाही.

दानिश सिद्दिकी यांचेही तसेच. २०१८ साली रोहिंग्यांच्या स्थलांतरावरच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला पुलित्झर मिळाले, त्यात सिद्दिकी आणि अदनान अबिदी होते. तेव्हा आनंद झाला, कारण दुःख दुसऱ्या देशातले होते. एप्रिल २०२१ मध्ये सिद्दिकींनी दिल्लीच्या स्मशानांतल्या चितांची छायाचित्रे काढली, तेव्हा तेच सिद्दिकी देशाची बदनामी करणारे ठरले. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात कंदाहारजवळ काम करताना ते मारले गेले, आणि समाजमाध्यमांवर त्या मृत्यूचा आनंद मानणारेही निघाले. मे २०२२ मध्ये कोविडकाळातल्या भारतावरच्या छायाचित्रांसाठी सिद्दिकी, अबिदी, अहमदाबादचे अमित दवे आणि सना इर्शाद मट्टू या चौघांना पुलित्झर जाहीर झाले, सिद्दिकींना मरणोत्तर. मट्टू यांचे त्यातले एक छायाचित्र काश्मीरच्या डोंगरात एका मेंढपाळाला लस टोचली जात असल्याचे आहे. आरोग्य कर्मचारी पायपीट करत तिथवर पोचले, हेही त्यात दिसते. ज्या देशाला जगासमोर मिरवायचे असेल त्याने ते छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावावे. आपण ते काढणारीला विमानतळावरून माघारी पाठवले.

इथे एका जुन्या विजेत्याची आठवण होते. भारतातून गेलेला पहिला पुलित्झर विजेता म्हणजे गोविंद बिहारी लाल. दिल्लीत जन्मलेले, शिकायला कॅलिफोर्नियाला गेलेले, लाला हरदयाळ यांच्या जवळचे, गदर चळवळीतले. पुढे ते हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांत विज्ञानाविषयी लिहू लागले. १९३७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या त्रिशताब्दीनिमित्त झालेल्या विज्ञान परिषदेच्या वार्तांकनासाठी पाच पत्रकारांना मिळून पुलित्झर दिले गेले, त्यात लाल होते. त्या काळी अमेरिकेचा कायदा काय होता? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाकारला होता, आणि ही बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. म्हणजे जो देश भारतीयांना नागरिक करून घ्यायला तयार नव्हता, तिथल्या एका विद्यापीठाने ब्रिटिश साम्राज्याविरुद्धच्या चळवळीतल्या माणसाच्या कामाला मान दिला. पुढे स्वतंत्र भारताने लाल यांना पद्मभूषण दिले. २०२२ मध्ये जी पुरस्कार घ्यायला निघाली होती ती या देशाची नागरिक होती, आणि याच देशाने तिला दाराबाहेर जाऊ दिले नाही.

यावर एक उत्तर नेहमी तयार असते : 'पुलित्झर अमेरिकेचे. त्यांच्या पसंतीने आपण का हुरळावे आणि का हिरमुसावे?' उत्तर अर्धे बरोबर आहे. पुलित्झर खरोखरच अमेरिकेचे आहे. पत्रकारितेचे पुरस्कार अमेरिकेतून प्रसिद्ध होणाऱ्या कामालाच मिळतात. साहित्याचे पुरस्कार मुळात इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांना असतात. २०२५ च्या पुरस्कारांपासून नियम थोडा सैल झाला आणि अमेरिकेत कायम राहणारे, पण नागरिक नसलेले लेखकही त्यात बसू लागले. मराठी कादंबरीला, तमिळ नाटकाला, मणिपुरी कवितेला तिथे दार नाही, आणि असावे अशी मागणीही करण्याचे कारण नाही. यासिन, मट्टू, सिद्दिकी त्या दारातून आत गेले ते आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांसाठी काम करत होते म्हणून. तेच काम त्यांनी एखाद्या उर्दू दैनिकासाठी केले असते तर पुलित्झरच्या परीक्षकांना त्याचा पत्ताही लागला नसता.

पण म्हणूनच प्रश्न आपल्याकडे वळतो. त्यांच्या परीक्षकांना आपल्या भाषांतले काम दिसत नाही, हे त्यांच्या नियमांत लिहिलेले आहे. आपल्याला ते का दिसत नाही?

त्याच कोविडकाळातले घ्या. ज्या महिन्यांतल्या छायाचित्रांना पुलित्झर मिळाले त्याच महिन्यांत गुजराती पत्रकार काय करत होते? एप्रिल २०२१ मध्ये अहमदाबादेत 'संदेश' या दैनिकाचे वार्ताहर कोविड रुग्णालयाच्या शवागाराबाहेर तासन्‌तास उभे राहिले आणि बाहेर येणारी प्रेते त्यांनी एकेक करून मोजली. मग ते स्मशानांत गेले आणि तिथेही मोजत राहिले. सरकारी आकडा आणि त्यांचा आकडा जुळत नव्हता. मे महिन्यात 'दिव्य भास्कर'ने मृत्यूच्या दाखल्यांचा हिशेब छापला. १ मार्च ते १० मे या ७१ दिवसांत गुजरातेत सुमारे १ लाख २३ हजार दाखले दिले गेले होते. आदल्या वर्षी त्याच काळात ते सुमारे ५८ हजार होते. कोविडने झालेले मृत्यू मात्र सरकारच्या लेखी चार हजारांच्या आसपास होते. सरकारने त्या बातमीचा अर्थ नाकारला. जुलैमध्ये भास्कर समूहाच्या कचेऱ्यांवर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले. करचुकवेगिरीचा तपास आहे, असे खात्याने सांगितले.

प्रेते मोजण्याचे ते काम कोणत्याही देशातल्या कोणत्याही मोठ्या पुरस्काराच्या तोडीचे होते. ते गुजरातीत झाले. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या महाराष्ट्रात, जिथे लाखो गुजराती भाषक राहतात, तिथे ते मराठीत कितीसे आले? आपल्यापर्यंत पोचले ते इंग्रजीतून, तेही परदेशी वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली म्हणून. नंदुरबारहून सुरतेला जायला जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक वेळ सुरतेची बातमी नंदुरबारला यायला लागतो, कारण ती लंडनवरून वळसा घेऊन येते.

ही गोष्ट नवी नाही. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये एक कामगार फॉस्जीन वायूने मेला. राजकुमार केसवानी नावाच्या तरुण पत्रकाराने त्यामागचे कारण शोधायला सुरुवात केली, कारखान्याची कागदपत्रे मिळवली आणि १९८२ साली 'रपट' या आपल्या छोट्याशा हिंदी साप्ताहिकात एकामागून एक लेख लिहून शहराला सावध केले. जून १९८४ मध्ये त्यांनी 'जनसत्ता'त पुन्हा तेच लिहिले. सहा महिन्यांनी, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, वायू सुटला. दुर्घटनेनंतर जगभरचे पत्रकार भोपाळला आले आणि तेव्हा कुठे केसवानींचे आधीचे लेख शोधून वाचले गेले. लेख गुप्त नव्हते. ते हिंदीत होते, देशातल्या सर्वांत अधिक लोकांच्या भाषेत होते.

आणि अगदी घरातले उदाहरण. कोकणात राजापूरला शशिकांत वारिशे हे 'महानगरी टाइम्स'चे वार्ताहर होते. तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादावर ते सातत्याने लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची एक बातमी छापून आली. त्याच दिवशी राजापूरजवळ एका गाडीने त्यांच्या दुचाकीला धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याविषयी होती त्याच माणसाला पोलिसांनी गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक केली. वारिशे गेल्यावर त्यांच्याविषयी बरेच लिहिले गेले. त्यांनी स्वतः काय लिहिले होते, ते किती जणांनी मिळवून वाचले?

सत्तेने मात्र भाषिक वृत्तपत्रांकडे कधी दुर्लक्ष केले नाही. इंग्रजांच्या काळात दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे सरकारदरबारी जात. १८७८ चा देशी वृत्तपत्र कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता, फक्त भारतीय भाषांतल्या पत्रांना होता. टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यांत 'केसरी'तल्या मराठी लेखांची भाषांतरे कोर्टापुढे ठेवली गेली आणि शब्दाशब्दाच्या अर्थावर वाद झाले. आपल्या भाषांतला मजकूर दुसऱ्या भाषेत नेण्याचे कष्ट शिक्षा द्यायला घेतले गेले. गौरव करायला ते कोणी घेतल्याचे फारसे दिसत नाही.

आता आपल्या स्वतःच्या पुरस्कारांविषयी बोलू, कारण पुलित्झरला नावे ठेवून ही चर्चा संपवणे सोयीचे आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले ते ६ जानेवारी १८३२ रोजी. दर ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन होतो, तालुक्यातालुक्यात पुरस्कार दिले जातात. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, आणि व्यासपीठावर बहुधा तोच नेता ज्याच्या कारभारावर त्या पत्रकाराने लिहायचे असते. मानपत्रात लिहिलेले असते, 'पत्रकारितेतील उल्लेखनीय योगदानाबद्दल'. कोणती बातमी? कोणती मालिका? तिने काय उघड झाले? मानपत्र गप्प. साहित्यातही वेगळे नाही. कोणत्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला हे तरी कळते. शर्यतीत आणखी कोणती पुस्तके होती आणि ती का मागे पडली, हे क्वचितच कळते.

पुलित्झरकडून काही उचलायचे असेल तर ते हे आहे. तिथे पत्रकारितेचा पुरस्कार एका ठरावीक कामाला मिळतो, ते काम कोणते हे एका-दोन वाक्यांत छापून सांगितले जाते. अंतिम फेरीतली नावेही जाहीर होतात. योग्य काम सापडले नाही तर मंडळ पुरस्कार देतच नाही. २०१२ साली कादंबरीचे पुलित्झर कोणालाच मिळाले नाही. कारण छापलेले असते म्हणून त्याच्याशी भांडता येते. काश्मीरच्या गौरवपत्रातल्या त्या चुकीच्या शब्दावर आपण तावातावाने भांडलो, कारण तो शब्द छापलेला होता. 'उल्लेखनीय योगदाना'शी कोण भांडणार?

आणि वंशाचेच बोलायचे तर स्वतः जोसेफ पुलित्झर कोण होते? हंगेरीतल्या माको गावी जन्मलेला, सैन्यात भरती होऊन अमेरिकेला पोचलेला, इंग्रजी जेमतेम येणारा तरुण. पत्रकारितेची सुरुवात त्याने केली ती सेंट लुइसमधल्या 'वेस्टलिशे पोस्ट' या जर्मन भाषेतल्या वृत्तपत्रात. आज ज्या पुरस्काराच्या इंग्रजीपुढे आपण दबून उभे राहतो, त्याचा संस्थापक शिकला एका अल्पसंख्य भाषेच्या दैनिकात. तिथे त्याला कोणी त्याचा वंश विचारून बसले असते तर पुढचे काहीच झाले नसते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पुढच्या वेळी पुलित्झर जाहीर होईल आणि यादीत एखादे ओळखीचे आडनाव दिसेल, तेव्हा वृत्तपत्रांनी मथळ्यात वंश न घालता विषय घालावा, आणि शक्य असेल तर त्या कामाचा एक भाग भाषांतर करून द्यावा. इथल्या कोणाला पुरस्कार मिळाला तर तो घ्यायला जाण्याचा त्याचा हक्क ही आपल्या लेखक-संघटनांची, साहित्य संमेलनांची, संपादकांची बाब आहे असे मानावे. मट्टू यांना अडवले तेव्हा पत्रकारांच्या काही संघटना बोलल्या. साहित्यिकांच्या बाजूने त्या तुलनेत शांतता होती, जणू छायाचित्रकाराचा विमानतळ वेगळा असतो आणि कादंबरीकाराचा वेगळा.

आणि शेवटचे मागणे या पानांपाशीच. अनेक भाषांचे विभाग एका अंकात बांधणारी नियतकालिके या देशात मोजकी आहेत. त्या प्रत्येक विभागाने वर्षातून एकदा आपल्या भाषेतले एकच वार्तांकन निवडावे. ते का निवडले हे चार ओळींत लिहावे, आणि बाकीच्या विभागांनी ते आपापल्या भाषेत छापावे. त्याला पुरस्कार म्हणायची गरज नाही. समारंभ नको, शाल नको, पाहुणे नकोत. पत्रकाराला मानधन आणि अनुवादकाला मानधन, एवढेच. गुजराती विभागाने 'संदेश'च्या त्या मोजणीपासून सुरुवात करावी. ती मराठीत आणायला अनुवादक लागला तर मी शोधून देतो.